रायपूरचे गोधन आणि लम्पीच्या लशीची परीक्षा

गाईबैलांना टोचलेली लस लागली की नाही, हे ओळखण्याची रीत गेल्या शंभर वर्षांत दोन-तीनदा मुळापासून बदलली. आधी टोचणीनंतर चढणारा ताप पाहत, पुढे रक्तातली प्रतिपिंडे मोजू लागले. लम्पी चर्मरोग आल्यावर प्रतिपिंडांचाही भरवसा उरला नाही. छत्तीसगडमधील रायपूर हा या सगळ्या बदलांतून गेलेला मुलूख आहे, आणि त्यातला बराच काळ त्याचा कारभार नागपुरातून चालला.

१८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि रायपूर त्याचा एक जिल्हा बनला. पुढे १९५६ पर्यंत रायपूरची राजधानी नागपूरच होती. नंतर तो मध्य प्रदेशात गेला आणि १ नोव्हेंबर २००० पासून छत्तीसगडची राजधानी झाला. भाताच्या या मुलखात बैलाशिवाय चिखलणी होत नसे, त्यामुळे गुरांची साथ म्हणजे पुढच्या साली उपासमार हे समीकरण ठरलेले होते. साथींमध्ये सर्वांत धास्तीची होती बुळकांडी, तिकडच्या हिंदीत पोकनी. तोंडात फोड, रक्तमिश्रित जुलाब, आठवड्याभरात मरण, आणि गावेच्या गावे निर्बैल. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या गुरांच्या प्लेगविषयक आयोगाचा अहवाल १८७१ मध्ये आला. साथीची रीतसर दखल त्यात घेतली गेली, पण उपाय कोणाच्याच हाती नव्हता.

उपायाची सुरुवात पुण्यात झाली. १८८९ मध्ये तेथे सरकारी जीवाणूशास्त्रीय प्रयोगशाळा उघडली आणि आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख झाले. साथीच्या विषाणूवर दाट वस्तीत काम करणे धोक्याचे होते, म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली. सुरुवातीला बुळकांडीतून बचावलेल्या जनावरांचा रक्तद्रव टोचत. त्याने मिळणारे संरक्षण जेमतेम काही दिवसांचे असे, म्हणजे साथ गावाच्या वेशीवर आल्याशिवाय तो टोचण्यात अर्थ नसे. १९२० च्या दशकात मुक्तेश्वरच्याच जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळीच्या शरीरातून पुन्हा पुन्हा फिरवून सौम्य केला. ही शेळी-ऊतींची लस एकदा टोचली की जनावर बहुधा जन्मभर सुरक्षित राही. टोचणीनंतर ताप चढे, काही जनावरे चारा सोडत, आणि नाजूक जातींची क्वचित दगावतही. पण तोच ताप लस लागल्याची खूण होती. मोजायला थर्मामीटर पुरे. १९५४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर बुळकांडी निर्मूलनाची मोहीम सुरू झाली तेव्हा तिचा आधार हीच लस होती.

पुढे केनियात वॉल्टर प्लॉराइट यांनी पेशीसंवर्धनात वाढवलेली, जवळजवळ ताप न आणणारी लस तयार केली आणि बुळकांडीची लढाई तिने जिंकली. ताप नाही म्हटल्यावर जुनी खूणही गेली. तिच्या जागी आली रक्ताची तपासणी. या रोगात एक मोठी सोय होती: रक्तात बुळकांडीची प्रतिपिंडे असतील तर जनावर सुरक्षित, नसतील तर असुरक्षित, इतका सरळ हिशेब. युरोपीय समुदायाच्या मदतीने भारतात १९९२ पासून जो प्रकल्प चालला, त्यात एलायझा चाचणीने गावोगावच्या रक्तनमुन्यांची तपासणी झाली. टोचलेल्या कळपात किती टक्के जनावरे खरोखर संरक्षित आहेत हे त्यावरून कळे. आणि टोचणी थांबवल्यावर नव्या वासरांत प्रतिपिंडे सापडली नाहीत, तर विषाणू गेला असे म्हणता येई. भारतातला शेवटचा उद्रेक १९९५ चा. २००६ मध्ये देश संसर्गमुक्त ठरला आणि २०११ मध्ये जगातूनच बुळकांडी संपल्याची घोषणा झाली. पशुवैद्यकाच्या इतिहासातले हे सर्वांत मोठे यश. प्रतिपिंडे मोजली की प्रतिकारशक्ती मोजली, हा समज त्याच यशाने घट्ट केला. लम्पीच्या बाबतीत नेमका तोच अंगाशी आला.

लम्पीचा पहिला आढळ १९२९ मधला, तेव्हाच्या उत्तर ऱ्होडेशियातला, म्हणजे आजच्या झांबियातला. गाईंच्या अंगावर दोन ते पाच सेंटिमीटरच्या टणक गाठी उठत. कोणी म्हणे विषारी वनस्पतीने उठतात, कोणी म्हणे कीटकांच्या चावण्याची ही पित्त-गांधी. संसर्गजन्य रोग म्हणून ओळख पटायला १९४० चे दशक उजाडले. १९४४ पासून दक्षिण आफ्रिकेत जी साथ पसरली, तीत सुमारे ८० लाख जनावरे सापडली. विषाणू पेशीसंवर्धनात वेगळा केल्याचा अहवाल १९५७ मध्ये आला, आणि त्याच्या तीन लेखकांपैकी एक होते तेच प्लॉराइट, बुळकांडीच्या लशीचे. दक्षिण आफ्रिकेत नीथलिंग नावाचा वाण सौम्य करून लस झाली. केनियात मेंढ्यांच्या देवीचा म्हणून ओळखला जाणारा एक वाण गाईंना टोचू लागले. तो मुळात लम्पीचाच विषाणू आहे, हे जनुकीय तपासणीने अनेक वर्षांनी उघड झाले. नावात एवढा घोटाळा होऊ शकला, कारण मेंढीची देवी, शेळीची देवी आणि लम्पी या तिन्हींचे विषाणू एकाच गटातले असून त्यांचे जनुकीय साम्य ९७ टक्क्यांच्या आसपास आहे. एकाची लस दुसऱ्यावर चालते ती या साम्यामुळे. किती चालते, हा मात्र वादाचा विषय राहिला.

हा रोग १९८८ मध्ये इजिप्तला आणि आफ्रिकेबाहेर १९८९ मध्ये इस्रायलला, २०१५ मध्ये ग्रीसला पोहोचला. भारतात त्याची पहिली नोंद ऑगस्ट २०१९ ची, ओडिशातली. पाच जिल्ह्यांतल्या त्या उद्रेकांत सुमारे सात टक्के जनावरे आजारी पडली आणि एकही मेले नाही. निदान भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत झाले. त्याच वर्षअखेर झारखंडातल्या रांचीहून घेतलेल्या नमुन्यातून हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने विषाणू वेगळा केला. घोड्यांच्या संस्थेने गाईचा विषाणू धरला याचे नवल वाटेल, पण विषाणूंचा राष्ट्रीय संग्रह तिथेच आहे. २०२० मध्ये छत्तीसगडमध्ये रोग दिसला आणि महाराष्ट्रात तो प्रथम गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात उमटला. पूर्वेला ओडिशा, ईशान्येला झारखंड, नैर्ऋत्येला गडचिरोली: नकाशा पाहिला की रायपूर या तिन्हींच्या मधोमध बसलेले दिसते.

या जिल्ह्याचे गोधन समजून घेतल्याशिवाय लशीची परीक्षा समजत नाही. २०१९ च्या पशुगणनेत छत्तीसगडमध्ये सुमारे एक कोटी गाईबैल भरले. मैदानी भागातली देशी जात कोसली. ठेंगणी, बहुतेक तांबूस किंवा पांढरट, दूध थोडे, पण धानाच्या पेंढ्यावर निभावणारी आणि चिखलात खंबीर. शहराभोवतीच्या गोठ्यांत जर्सी आणि होल्स्टीनचे संकर आहेत. लम्पी पातळ कातडीच्या या संकरित गाईंना जास्त झोडपतो. खेड्यातली गुरे मात्र गोठ्यात क्वचितच असतात. सकाळी घराघरांतून सुटून ती एकत्र होतात आणि गुराखी, म्हणजे राऊत, त्यांची बरदी (गावाचा एकत्र कळप) हाकत नेतो. पन्नास घरांची गुरे एकाच पाणवठ्यावर पाणी पितात, एकाच झाडाखाली बसून रवंथ करतात. लम्पीचा विषाणू डास, चावऱ्या माश्या आणि गोचिडांच्या मार्फत पसरतो, त्यामुळे अशा बरदीत एका गाईची लागण ही तिच्या मालकापुरती बाब राहत नाही. खरिपाची पेरणी झाली की गुरे बांधून ठेवण्याची ‘रोका-छेका’ ही जुनी गावरीत राज्य सरकारने २०२० मध्ये मोहीम म्हणून पुन्हा चालवली. हेतू पीक राखण्याचा होता. पण माश्या-डासांचा जोर असतो त्याच महिन्यांत गुरांची सरमिसळ कमी होते, हा त्यातला नकळत पडणारा फायदा.

लम्पीची स्वतःची लस तेव्हा देशात नव्हती. शेळीच्या देवीची होती. मूळ विषाणू १९७८ मध्ये उत्तरकाशीहून मिळालेला, मुक्तेश्वरला सौम्य केलेला, आणि हैदराबाद व अहमदाबादच्या कंपन्या त्याची लस बनवत होत्या. केंद्राच्या सल्ल्यानुसार तीच गाईंना शेळीपेक्षा जास्त ताकदीच्या मात्रेत द्यायचे ठरले. निर्णय निकडीचा होता आणि बाहेरचे पुरावे संमिश्र होते. इथिओपियात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत शेळी-देवीच्या गोरगन वाणाने वासरांना पूर्ण वाचवले आणि त्याच चाचणीत स्थानिक नीथलिंग लस नापास झाली. उलट इस्रायलमध्ये मेंढी-देवीची लस दहापट मात्रेत देऊनही नीथलिंगपेक्षा कमी पडली होती.

२०२२ मध्ये कच्छपासून राजस्थानपर्यंत रोगाने जे रूप धरले, ते ओडिशातल्या सौम्य साथीशी जुळणारे नव्हते. वर्षभरात देशात दीड लाखाहून अधिक गुरे मेली. महाराष्ट्रात त्या वर्षीची पहिली नोंद ४ ऑगस्टला जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात चिनावल येथे झाली. सप्टेंबरमध्ये प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्याखाली संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र ठरले, बैलबाजार बंद झाले, दगावलेल्या दुभत्या गाईमागे ३० हजार, ओढकामाच्या बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये भरपाई ठरली. जवळपास १ कोटी ४० लाख मात्रा टोचल्या गेल्या, म्हणजे राज्यातल्या एकूण गाईबैलांइतक्या. छत्तीसगडनेही सीमेवर तपासणी नाके उभारले, बाजार थांबवले, सीमेलगतच्या गावांत टोचणी केली. दोन्हीकडे यशाचे माप एकच होते: किती मात्रा टोचल्या.

पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, महाराष्ट्रात रोग पुन्हा उठला आणि वासरांना जास्त भोवला. टोचणी चार महिन्यांवरच्या जनावरांची झाली होती. टोचलेल्या गाईचे वासरू चिकातून आईची प्रतिपिंडे घेऊन येते, ती तीन ते सहा महिन्यांत विरतात, आणि त्या काळात लस दिली तर तीच प्रतिपिंडे लशीचा विषाणू निष्प्रभ करतात. आईचे संरक्षण संपलेले आणि लशीची पाळी न आलेली अशी वासरांची एक फळीच नव्या मोसमात उघडी पडली. टोचणीच्या आकड्यात ही फळी कुठेच दिसत नव्हती.

यातून प्रश्न उरतो तो मोजायचे काय, याचा. रीतीने पाहिले तर टोचणीच्या दिवशी आणि नंतर तीन-चार आठवड्यांनी जनावराच्या मानेच्या शिरेतून रक्त घ्यायचे, नळीवर कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक लिहायचा, रक्तद्रव वेगळा करून गोठवायचा. प्रयोगशाळेत तो ५६ अंशांवर अर्धा तास तापवतात, विषाणूत मिसळतात आणि पेशींच्या थरावर ओततात. रक्तद्रवात दम असेल तर पेशी शाबूत राहतात, नसेल तर गोल होऊन सुटतात. ही उदासीनीकरण चाचणी. लम्पीचा विषाणू सावकाश वाढणारा, त्यामुळे उत्तराला आठवडा तरी लागतो, शिवाय जिवंत विषाणू हाताळण्याची सोय हवी. एलायझा काही तासांत होते आणि एका ताटलीत नव्वद नमुने बसतात, म्हणून मोठ्या पाहणीत तीच वापरतात.

पण दोन्ही चाचण्या प्रतिपिंडे पाहतात, आणि लम्पीत प्रतिपिंडे हा अर्धवट साक्षीदार आहे. देवीच्या कुळातला हा विषाणू पेशीतून पेशीत सरकतो आणि शरीरात फिरताना जादा आवरण पांघरून असतो. रक्तातली प्रतिपिंडे त्याचा फैलाव रोखतात, पण शिरकावाच्या जागची वाढ थांबवू शकत नाहीत. ते काम संक्रमित पेशींना मारणाऱ्या पांढऱ्या पेशी करतात. सौम्य लस टोचलेल्या कित्येक जनावरांत प्रतिपिंडे इतकी कमी निघतात की चाचणी त्यांना ‘नकारात्मक’ ठरवते, आणि तीच जनावरे खऱ्या विषाणूसमोर ठणठणीत उभी राहतात. बुळकांडीच्या सवयीने पाहणाऱ्याला इथे लस वाया गेली असे वाटेल. ते बहुधा चूक असते. उलट चाचणी ‘सकारात्मक’ आली तरी ती लशीची की न दिसता होऊन गेलेल्या लागणीची, हे सांगता येत नाही. रायपूरच्या मिसळलेल्या बरदीत ही दुसरी शक्यता कमी लेखता येणार नाही. टोचणीआधीचा रक्तनमुना म्हणूनच अत्यावश्यक; तो नसेल तर नंतरच्या टक्केवारीला फारसा अर्थ नाही.

पेशींची ताकद मोजायचे दोन मार्ग आहेत. एक, ताज्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना विषाणूचा अंश दाखवून त्या किती गामा इंटरफेरॉन सोडतात ते मोजणे. त्यासाठी रक्त काही तासांत प्रयोगशाळेत पोहोचावे लागते, आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत तापणाऱ्या या भागात तेच अवघड. दुसरा मार्ग जुना आणि साधा आहे, क्षयाच्या त्वचा-चाचणीसारखा. मानेवरचे केस भादरून निष्प्रभ विषाणूचा थेंब कातडीच्या आत सोडतात, आधी कॅलिपरने कातडीची जाडी मोजलेली असते, आणि एक ते तीन दिवसांत ती किती फुगली ते पुन्हा मोजतात. इथिओपियातल्या त्या चाचणीत वाचलेल्या वासरांच्या कातडीने असाच ठळक प्रतिसाद दिला होता. अडचण एवढीच की तेच जनावर दोन दिवसांनी पुन्हा हाताशी सापडले पाहिजे. गोठ्यातल्या संकरित गाईबाबत ते सोपे, बरदीतल्या कोसलीबाबत राऊताच्या मर्जीवर.

अंतिम कसोटी म्हणजे लस टोचलेल्या जनावराला खरा विषाणू टोचून पाहणे. तिथेही लम्पी हुलकावणी देतो. लस न दिलेल्या गाईंना रोगाचा विषाणू टोचला तरी त्यांतल्या सुमारे निम्म्यांनाच अंगभर गाठी येतात, बाकीच्या ताप येऊन सावरतात. त्यामुळे पाच-सहा जनावरांच्या प्रयोगात लस नसलेलीही निम्मी ‘वाचलेली’ दिसतात, आणि निष्कर्षाला जोर यायचा तर संख्या वाढवावी लागते. कडेकोट गोठ्यांत डझनावारी गाई ठेवणाऱ्या संस्था जगात थोड्या आहेत.

म्हणून शेवटी खरा हिशेब गावातच लागतो: टोचलेल्या आणि न टोचलेल्या जनावरांत रोगाचे प्रमाण किती. बाल्कन देशांनी तो नीट ठेवला. तिथे २०१६ मध्ये ७,४८३ उद्रेक झाले होते, नीथलिंग लशीच्या सरसकट टोचणीनंतर २०१७ मध्ये ३८५ उरले, आणि लशीची परिणामकारकता सरासरी ८० टक्क्यांच्या आसपास निघाली. भारतात हा हिशेब दोन ठिकाणी घसरतो. लागण झालेल्या गावाभोवती पाच किलोमीटरच्या कड्यात टोचणी होते तेव्हा काही जनावरांच्या अंगात विषाणू आधीच शिरलेला असतो. आठ-दहा दिवसांनी गाठी उठतात आणि दोष लशीवर येतो. लस लागायला तीन आठवडे लागतात, हे मालकाला कोणी सांगितलेले नसते. दुसरे, टोचणारी सुई तीच राहिली तर लसवालाच विषाणू एका गाईकडून दुसरीकडे नेतो. कुपी २ ते ८ अंशांत राहिली का, विरघळवल्यावर दोनेक तासांत संपली का, उन्हात गेली का, या बाबी नोंदवहीत नसतात. लशीच्या अपयशाची बरीचशी कारणे मात्र तिथेच असतात. रायपूरच्या रस्त्यांवर बसणारी, बिल्ला नसलेली मोकाट गुरे तर कोणत्याच हिशेबात नाहीत.

विषाणूही स्थिर राहिला नाही. २०२२ च्या भारतीय विषाणूंत २०१९ च्या तुलनेत पुष्कळ जनुकीय बदल झालेले बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने दाखवले. लस स्वतःच संकट बनल्याचे उदाहरण शेजारी आहे: २०१७ च्या सुमारास मध्य आशियात वापरलेल्या एका केनियन लशीत एकाहून अधिक वाणांची भेसळ निघाली, त्यांतून जन्मलेले संकरित विषाणू रशिया, चीन आणि व्हिएतनामपर्यंत गेले. लशीची परीक्षा टोचण्याआधी, कुपीतच सुरू व्हायला हवी, हा त्याचा अर्थ.

हिस्सारच्या केंद्राने रांचीचा विषाणू पेशीसंवर्धनात पन्नास वेळा फिरवून सौम्य केला आणि इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या साथीने ‘लम्पी-प्रोव्हॅक-इंड’ ही लस घडवली. १० ऑगस्ट २०२२ रोजी ती जाहीर झाली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला नागपुरात तिच्या उत्पादनाचा करार पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेशी झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायोव्हेट कंपनीच्या ‘बायोलम्पीव्हॅक्सिन’ला केंद्रीय औषध नियंत्रकांचा परवाना मिळाला. लस घेतलेले जनावर आणि रोग होऊन गेलेले जनावर रक्तावरून वेगळे ओळखण्याची सोय तीत आहे, असे तिचे निर्माते सांगतात. रायपूरच्या बरदीत ही सोय उपयोगी पडायची तर जोडीची चाचणी राज्याच्या प्रयोगशाळेत हवी, आणि नमुने एकेका मालकाच्या गाईचे न घेता बरदी हे एकक धरून, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा घ्यायला हवेत.